वस्तीवरचं विरजण

जनावरांच्या डॉक्टरला दिवाळी अंकात लिहायला बोलावतात तेव्हा संपादकांना गमतीजमती हव्या असतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. गमतीजमती माझ्याकडे पोत्याने आहेत. पालमच्या बाजूला नोकरीला होतो तेव्हा एक गृहस्थ दर पंधरा दिवसांनी बैलाच्या पोटदुखीचं औषध न्यायला यायचे. एकदा मी म्हटलं, अहो, तो बैल तरी एकदा दाखवा. तर शांतपणे म्हणाले, "बैल कवाच इकलाय सायब. औषध मलाच लागू पडायलंय." त्यांना बंद करायला सांगितलं तर रागावले. सरकारी औषध माणसाला बाधत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती.

पण या वर्षी माझ्या पुतणीने, अश्विनीने, डोक्यात वेगळंच काही सोडून दिलं आहे. ती गोव्याला समुद्राचा अभ्यास करते. सुट्टीत आली तेव्हा खोल समुद्राच्या तळाशी सापडणाऱ्या शिंपल्यांबद्दल सांगत बसली. तिथे ऊन पोचत नाही, झाडपाला उगवत नाही. जमिनीच्या भेगांतून सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू निघतो आणि त्याच्या आसपास हे शिंपले सुखाने राहतात. त्यांचं पोट नावापुरतं. त्यांच्या कल्ल्यांत जिवाणू राहतात, ते त्या वायूवर आपली चूल पेटवतात आणि शिंपल्यालाही जेवू घालतात.

मी म्हटलं, "हे शिंपल्यानं तुला येऊन सांगितलं का?"

"त्याच्या चरबीनं सांगितलं, काका. चरबीतली आम्लं तपासली की कळतं, जेवण कुणी रांधलंय ते. शिंपला लपवेल, चरबी लपवत नाही."

मला फार आनंद झाला. आमच्याकडे तूप जिभेवर ठेवून 'म्हशीला सरकी घालता वाटतं' म्हणणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. म्हणजे गोव्याची ही मंडळी आमच्याच घराण्यातली निघाली! मग मी तिला सांगितलं, बाळ, एवढ्या खाली कशाला जातेस? असा संसार आपल्या गोठ्यात उभा आहे.

लोकांना वाटतं म्हैस कडबा खाते. म्हैस कडबा खात नाही, ती तो नुसता भरते. डाव्या कुशीत तिचं मोठं पोट असतं, एखाद्या रांजणाएवढं. त्यात अगणित जिवाणू असतात. कडबा ते खातात, आंबवतात. त्यातून आंबूस आम्लं निघतात, ती म्हशीच्या रक्तात उतरतात, तिच्या अंगाला ताकद येते ती त्यांची, आणि दुधाचं लोणी होतं त्यातही मोठा वाटा त्यांचाच. जिवाणू मेले तर कडब्याच्या गंजीत उभी राहूनही म्हैस उपाशी मरते. हे मी शिकलो पुस्तकात, पण मला समजलं ते एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि मला त्यांच्याकडे हुरड्याला जायचं असतं.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात काय झालं ते ज्यांना आठवतं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना आठवत नाही त्यांनी घरातल्या मोठ्यांना विचारावं. त्या गावात घरं जळाली नाहीत. गावाला याचा अभिमान होता. पण ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीला गिरणी बंद झाली, गायरान बंद झालं आणि जनावरांना पाणी प्यायचा हाळही बंद झाला. हा दगडी हाळ सखारामअप्पांच्या विहिरीला लागून होता, त्यांचंच इंजिन तो भरायचं. अप्पा बरी जमीन बाळगून असलेले, शब्दाला वजन असलेले गृहस्थ. वस्तीवरच्या धुरपताबाईंची म्हैस, मैना तिचं नाव, सवयीप्रमाणे हाळावर आली तेव्हा अप्पांनी स्वतः काठी घेऊन तिला हाकललं होतं. पाठीवर वळ उठले, त्यांना मलम लावायला मीच गेलो होतो. तेव्हापासून वस्तीची जनावरं ओढ्यातल्या झऱ्यावर पाणी पीत आणि बांधाबांधाने चरत.

पुढे ज्वारीची खळी सुरू झाली आणि गावात लाळ-खुरकूत आली. या रोगात जनावराच्या तोंडात आणि खुरांत फोड येतात, लाळेच्या तारा लागतात. एक जनावर हाळाला तोंड लावतं आणि रोग गावभर वाटून टाकतं. गावातला एक गोठा सुटला नाही. सुटली ती वस्ती. ज्यांना हाळावरून हाकललं होतं, त्यांच्याच जनावरांची तोंडं स्वच्छ राहिली.

दवाखान्यात मलमपट्टी करणारा माझा ड्रेसर गफूरभाई सायकलला पाय लावत म्हणाला, "साब, उप्परवाला बी लय गमत्या हाय."

अप्पांनी मात्र सुरुवातीलाच शहाणपणा केला होता. घरची म्हैस चांदी त्यांनी गावातून काढून आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यात, नेऊन बांधली होती. चांदी खरी तर सुंदराकाकूंची, अप्पांच्या पत्नीची. काकूंना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या माहेरून आलेल्या म्हशीची ही नात, रेडकू असताना आई मेली म्हणून काकूंनी बोटं चोखवून वाढवलेली. कपाळावर पांढरा टिळा होता. काकू तिच्याशी बोलायच्या आणि ती कान हलवायची. अप्पा म्हणायचे, या घरात माझं ऐकणारं कुणी न्हाई, म्हशीचं मात्र सगळे ऐकतात.

तर या चांदीने दावं तोडलं आणि खळ्यावरच्या ज्वारीच्या राशीत तोंड घातलं. सकाळी गडी उठून बघतो तो म्हैस आडवी.

एकदम ज्वारी पोटात गेली की पोटात आंबट रस होतो, आणि त्या आंबटात कडबा पचवणारे जिवाणू मरून जातात. मी नळी घालून पोट धुतलं, खायचा सोडा पाजला, सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी चांदी उठून उभी राहिली. काकूंनी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळायच्याच बाकी ठेवल्या. पण मी चांदीच्या डाव्या कुशीत मूठ दाबून उभा राहिलो तेव्हा हाताला काहीच लागेना. निरोगी जनावराच्या कुशीत मूठ ठेवली की आतून पोट हळूच कूस पालटतं आणि मूठ उचलली जाते. इथे नुसती शांतता. वैरण पुढे टाकली तर हुंगून तोंड फिरवलं. रवंथ नाही.

"काकू," मी म्हटलं, "हिच्या पोटात दही लावणारं विरजणच उरलं नाही. विष काढलं, पण भांडं रिकामं झालं. दुसऱ्या जनावराच्या तोंडातला रवंथाचा गोळा काढून हिला पाजावा लागेल."

"पाजा की मग. आपल्या बैलाचा काढा."

"बैलाच्या तोंडात फोड आहेत. गावातल्या सगळ्यांच्याच आहेत. रोग जाईल हिच्या पोटात."

"मग?"

मी ओढ्याकडे बघितलं. अप्पांना कळलं. ते म्हणाले, "डाक्टर, त्या म्हशीचं उष्टं? आमच्या चांदीच्या तोंडात?"

"अप्पा, नाहीतर आठवड्यात ओढायची वेळ येईल."

मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम एके काळी कुणाच्या गळ्यात होतं आणि ते त्यांनी धर्म घेतल्यावर का सोडलं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. काकू म्हणाल्या, "आणा. पर भांड्यात आणा, आन् कुणाला बोलू नका."

मी वस्तीवर गेलो. धुरपताबाईंना मी धुरपतामाय म्हणायचो. साठीच्या, अंगाने काटकुळ्या, विधवा. कुणाच्या म्हशीसाठी पाहिजे ते मी लपवलं नाही. त्यांनी क्षणभर मैनेच्या पाठीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "जनावरानं काय केलंय बिचाऱ्यानं." मैना निवांत बसून रवंथ करत होती. तिच्या गळ्यावरून गोळा वर चढताना दिसला की धुरपतामाय तिचं तोंड उघडून अलगद गोळा काढून घ्यायच्या. मैनेला त्याचं काही वाटत नव्हतं, ती पुढचा गोळा वर आणायची. मी तो रवंथ कोमट पाण्याच्या डब्यात घेतला, झाकण घट्ट लावलं, धावतपळत आखाड्यावर आणून काकूंच्या हातात दिला आणि लगेच बांबूच्या नळीने पाजायला सांगितलं. मला पलीकडच्या शेतात अडलेल्या गाईचं बोलावणं होतं. गाय महत्त्वाची होती, गेलो.

दुसऱ्या दिवशी येऊन कुशीत मूठ ठेवली. पुन्हा शांतता. असं सहसा होत नाही. मी म्हटलं, पाजलं ना नीट?

"पाजलं की," काकू म्हणाल्या. "चांगलं उकळून पाजलं."

"उकळून?"

"तीन उकळ्या काढल्या. इस्तवानं समदं शुद्ध होतं, डाक्टर. इटाळ जावा म्हणून केलं. माझ्या चांदीला बाधू ने म्हणून."

गफूरभाई तोंड फिरवून उभा राहिला. मला आधी हसू आलं, मग राग आला, आणि काकूंच्या तोंडाकडे बघितल्यावर दोन्ही जिरलं. त्या बाईने तो रवंथ एखाद्या बाळंतकाढ्यासारखा निगुतीने उकळला होता. चांदीवरच्या मायेनेच चांदीचं औषध मारलं होतं.

मी खाली बसलो. म्हटलं, "काकू, दूध विरजताना शेजारणीकडून विरजण आणलं आणि ते तीन उकळ्या काढून दुधात घातलं, तर दही लागेल का?"

काकूंचा हात तोंडावर गेला. "आगं बाई. मी मारलं का काय तेला?"

"जिवंत होतं तोवरच त्याचा उपयोग होता. त्याला थंडी चालत नाही, वारा चालत नाही. आता डब्यातून आणणं नको. ज्या जनावराचं घ्यायचं त्याच्या शेजारी चांदीला उभं करायचं, काढलं की ऊन ऊन पाजायचं, चार दिवस तरी."

अप्पा म्हणाले, "मग तिची म्हैस आणा इकडं."

वस्तीवर परत जाणं मला फार जड गेलं. पहिल्यांदा विचारणं सोपं होतं. आता धुरपतामायला सांगायचं होतं की तुम्ही दिलेलं त्यांनी उकळलं, आणि का उकळलं. मी सांगितलं. त्या आधी हसल्या. मोकळ्या, दात दिसेपर्यंत हसल्या. मग हसणं थांबलं.

"डाक्टर, माझ्या सासूनं त्यांच्या घरचं उष्टं आणलं जलमभर. भाकरीचे तुकडे, शिळं कोरड्यास. आमी कदी उकळून घेतलं न्हाई. धर्म घेतला तवा सोडलं." जरा वेळ त्या मैनेच्या मानेवरून हात फिरवत राहिल्या. "आता त्यांच्या म्हशीला आमच्या म्हशीचं उष्टं पायजे. देते. कामून न्हाई देणार? पर माझी मैना तिकडं येणार न्हाई. तिला तिथं मार बसलाय. जिला गरज हाय तिनं यावं."

मला डॉक्टर म्हणूनही हेच हवं होतं. चांदी गावाबाहेर आखाड्यावर राहिल्याने तिचं तोंड स्वच्छ होतं. मैनेला गावाच्या बाजूला नेलं तर ती रोग घेऊन परत आली असती. मी निरोप घेऊन आखाड्यावर आलो. अप्पा खाटेवरून उठले, खळ्यापर्यंत गेले, परत आले. "गाव काय म्हणंल?" एवढंच दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत काकूंनी चांदीचं दावं सोडलं होतं. "गाव काय म्हणायचं ते म्हणू द्या. माझी चांदी मरायलीय," असं म्हणून त्या निघाल्यासुद्धा. चांदी चार पावलं टाकायची, थांबायची. काकू तिच्याशी बोलत होत्या. मागून अप्पा आले, मान खाली घालून, पण आले.

वस्तीच्या तोंडाशी मी त्यांना थांबवलं. लाळ-खुरकूत माणसाच्या पायाला चिकटूनही जाते. गफूरभाई घमेल्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी घेऊन उभा होता. मी म्हटलं, "पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही. रोग गावात आहे, इथे नाही."

सखारामअप्पांनी चपला काढल्या, धोतर वर धरलं आणि घमेल्यात पाय ठेवले. वस्तीतली माणसं दारादारांत उभी राहून बघत होती. कुणी हसलं नाही. गफूरभाई माझ्या कानाशी पुटपुटला, "साब, उलटी गंगा." मी त्याला गप्प राहायला सांगितलं, पण खरं सांगू का, मला त्या क्षणी अप्पांची कणव आली. माणसाला आपल्या उंबऱ्यावर जे कळत नाही ते दुसऱ्याच्या उंबऱ्यावर पाय धुताना कळत असावं.

धुरपतामायने मैनेच्या तोंडातून गोळा काढला, काकूंनी चांदीचं तोंड धरलं, मी नळी घातली. असं दिवसातून पुष्कळदा. चांदी तिथेच राहिली. काकू सकाळी येऊन संध्याकाळी जायच्या. पहिल्या दिवशी घरून तांब्या आणला होता. दुसऱ्या दिवशी उन्हात तो पाणी संपून कोरडा पडला तेव्हा धुरपतामायने आपल्या माठातलं पाणी त्यात ओतलं. काकूंनी तांब्याकडे बघितलं, चांदीकडे बघितलं आणि घटाघटा प्याल्या. पुढे तांब्या आणायचंच सोडलं.

मी रोज मूठ ठेवायचो. तिसऱ्या दिवशी काहीतरी हललं, पण मला खात्री वाटेना. मी काकूंचा हात घेऊन त्यांची मूठ चांदीच्या कुशीत ठेवली. काकू डोळे मिटून उभ्या. मग त्यांची मूठ हळूच वर आली. त्या रडायलाच लागल्या. धुरपतामाय म्हणाल्या, "आता रडायलीस कशाला गं? लागलं की दही." संध्याकाळी चांदी बसून रवंथ करत होती, डोळे अर्धे मिटून, शेजारी मैना.

चांदीचं दूध पुढे पहिल्यासारखं झालं. अप्पांच्या घरचं तूप दाणेदार म्हणून नावाजलेलं. त्यामागे वस्तीवरच्या गोठ्यातून आलेले जिवाणू राबत होते, हे मी अप्पांना कधी सांगितलं नाही. काकू पुन्हा काही उकळायला घेतील अशी मात्र मला आता भीती नव्हती. आणि तूप तर कढवतातच.

चांदीला परत न्यायला अप्पा आले तेव्हाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला हे संपवता येणार नाही. दावं हातात घेऊन ते जरा घुटमळले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "धुरपताबाई, उद्यापासून मैनेला हाळावर आण. मी हाय तिथं."

धुरपतामायने माझ्याकडे बघितलं. आणि मला म्हणावं लागलं, "अप्पा, आत्ता नको. हाळ अजून रोगाचा आहे. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत मैनेला तिथे नेऊ नका."

इतक्या महिन्यांनी तो हाळ उघडला होता आणि तो पुन्हा बंद करणारा मी होतो. जे बोललो ते बरोबर होतं, आजही तेच बोलेन. पण धुरपतामायची नजर अशी खाली गेली की माझा जीव तुटला. त्यांनी असे पुष्कळ 'आत्ता नको' ऐकले होते. मला घोर लागून राहिला तो एकच. चांदी बरी झाली, गरज सरली. आता अप्पांचा शब्द पावसाळ्यापर्यंत टिकेल का? गावातली मंडळी त्यांच्या ओट्यावर बसून कान भरत होती, हे गफूरभाई मला रोज येऊन सांगत होता.

मृगाच्या आधी मी लसी टोचायला गेलो. हाळ धुऊन, चुना लावून पांढराशुभ्र केलेला होता. अप्पा इंजिनापाशी उभे होते. चार माणसं मुद्दाम बघायला आली होती, त्यांची तोंडं काही गोड नव्हती. काकू चांदीला पाणी पाजत होत्या. ओढ्याकडून धुरपतामाय आल्या, मैनेचं दावं हातात.

मैना हाळापासून वीसेक पावलांवर आली आणि थांबली. पाणी दिसत होतं, चांदी दिसत होती, तिने नाकपुड्या फुलवून वासही घेतला. पण पुढे येईना. अप्पांनी चुचकारलं तर दोन पावलं मागे सरली आणि पाठीची कातडी थरथरवली.

बघ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "वढ की गं तिला."

"न्हाई वढत," धुरपतामाय म्हणाल्या. "तिला काठी आठवायली."

अप्पांनी धोतराला हात पुसले. मग त्यांनी इंजिनाजवळची बादली उचलली, हाळात बुडवली, आणि भरलेली बादली घेऊन ते त्या वीस पावलांवर चालत गेले. मैनेच्या पुढे ठेवली. स्वतः मागे सरकून उभे राहिले. मैनेने बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग तोंड खाली घातलं आणि बादली रिकामी केली.

"पेली," अप्पा म्हणाले. "उद्या हाळावर बी पेईल."

धुरपतामायने दावं गुंडाळून घेतलं. आवाजात राग नव्हता, गोडवाही नव्हता.

"बघू, अप्पा. उद्या बी आणते मी तिला. तुमी बादली हितंच ठिवा."